दगडाची खण वरून खाली उतरते

बेळगाव जिल्ह्यात घर, रस्ता किंवा बंधारा बांधायचा म्हटलं की दगड, खडी, चिरा, मुरूम सगळं जवळच्याच खणीतून येतं. त्या खणीत माणूस दगावला की पेपरात चार ओळी छापून येतात: दरड कोसळून कामगार ठार. वाचणाऱ्याला वाटतं, डोंगर होता, कोसळला, त्याला कोण काय करणार? खणीचं काम जाणणारा माणूस मात्र आधी एकच विचारतो: कडा किती उंच होता आणि त्याला पायऱ्या काढल्या होत्या का? कारण दरडीची तयारी काही आठवडे, कधी काही वर्षं आधीच झालेली असते. खण वरून खाली उतरवायची, हा या कामाचा पहिला नियम. ती खालून आत कोरली की कधीतरी वरचा भाग खाली येणारच.

हेल्मेट, बूट, कमरेचा पट्टा हे सगळं हवंच, पण त्यांची पाळी शेवटी येते. एक घनफूट काळा दगड साधारण ८० किलो भरतो. दोन फूट लांब, रुंद आणि उंच धोंडा साडेसहाशे किलोंच्या घरात जातो. किलोभराचा, मुठीएवढा दगड १० मीटरवरून सुटला तर खाली पोचेपर्यंत ताशी ५० किलोमीटरचा वेग घेतो. हेल्मेट खडीच्या तुकड्यापासून वाचवतं. मुठीएवढ्या दगडापासून वाचवेलच याची खात्री नाही, आणि धोंडा आला तर माणूस त्या जागी नसणं हाच एक उपाय.

आपला दगड कसा सुटतो

जिल्ह्यात तीन तऱ्हेचा दगड निघतो आणि तिन्हींची कोसळायची तऱ्हा वेगळी आहे. हे ओळखलं नाही तर एका खणीत शिकलेला माणूस दुसऱ्या खणीत चुकतो.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगावच्या आसपासचा काळा दगड म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. थर आतून पक्का असतो, पण त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात आणि त्या भेगांवरच तो सुटतो. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक दिसतो. पावसाचं पाणी भेगांतून त्याच्यापर्यंत पोचलं की तो फुगतो, निसरडा होतो, आणि त्याच्यावर टेकलेली काळ्या दगडाची अख्खी फळी पुढे सरकते. कड्यात असा पट्टा दिसला तर त्याच्याखाली काम चालू ठेवायचं नाही. वरचा थर आधी काढून घ्यायचा.

काळ्या दगडाच्या माथ्यावर मुरूम असतो आणि मुरुमात गोल धोंडे रुतलेले असतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेलेले. भोवतालचा मुरूम पावसाने धुपला की हे धोंडे घरंगळतात. खालचा कडा कितीही पक्का असला तरी माथ्याची ही टोपी आधी मागे घ्यायलाच हवी.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला लाल चिरा निघतो. जांभ्याचं वैशिष्ट्य असं की वरचं कवच कडक आणि खाली जाल तसा तो मऊ होत जातो. अगदी खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते. चिरे कापायची मशीन रुळावरून फिरते, उभे-आडवे काप घेते आणि मागे भिंतीसारखा सरळ उभा कडा ठेवते. उन्हाळाभर तो कडा छान उभा राहतो, त्यामुळे विश्वास बसतो. पहिल्या मोठ्या पावसात तळाची माती मऊ पडते आणि वरचं कवच वजनासकट मोडतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात असा कडा किती दिवस टिकेल याचा अंदाज कुणीही बांधू नये. पावसाळ्याआधी त्याला पायऱ्या किंवा उतार दिलेलाच हवा.

गोकाक, रामदुर्ग, सौंदत्तीकडचा दगड थराथराचा, गारेसारखा (क्वार्ट्झसारखा) कडक. गोकाकचा धबधबा ज्या ५२ मीटर कड्यावरून पडतो तो बघितला तर ही रचना डोळ्यांसमोर येते: कडक थर पुढे आलेले, मधले मऊ थर खाल्ले गेलेले. खणीत बघायचं ते एवढंच की थरांचा कल कुठे आहे. कल डोंगराच्या आत असेल तर बरं. कल खणीकडे असेल तर प्रत्येक थर हा घसरगुंडीवर ठेवलेली लादी आहे. या दगडाची धूळही सगळ्यांत वाईट, त्याबद्दल पुढे.

एका एकराचं गणित

नियम काय सांगतो ते आधी बघू. खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमावलीप्रमाणे माती, मुरूम किंवा तशा सैल जमिनीत कड्याचा उतार आडव्या जमिनीपासून ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नाहीतर पायऱ्या काढायच्या: पायरीची उंची दीड मीटरपर्यंत आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नाही. कठीण दगडात कडा कोसळणार नाही अशा बेताने पायऱ्या, उतार किंवा आधार द्यायचा. व्यवहारात ६ मीटर उंच आणि तेवढीच रुंद पायरी हे धरून चालायचं माप आहे. मशीनने काम असेल तर पायरी पोकलेनच्या बकेटचा हात पोचतो त्यापेक्षा उंच नको, कारण वरचा सैल दगड बकेटनेच काढून घेता आला पाहिजे. कड्याच्या काठापासून ३ मीटरपर्यंत झाड, सैल दगड, ढिगारा काही ठेवायचं नाही. कडा खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवायला सरळ बंदी आहे. आणि खणीच्या हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा खोदायचाच नाही.

आता हे एका एकराच्या खणीला लावून बघू. एकर म्हणजे चौकोनात साधारण ६४ मीटर बाय ६४ मीटर. दोन्ही बाजूंनी ७.५ मीटर सोडले की उरले ४९ मीटर. १८ मीटर खोल जायचं तर ६-६ मीटरचे तीन टप्पे आणि त्यांच्यामधे दोन पायऱ्या. प्रत्येक बाजूला १२ मीटर गेले, तळाला २५ मीटरचा चौक उरला. टिप्पर वळायला तेवढी जागा पुरते, रस्ता मात्र जेमतेम बसतो. आता ३० मीटर खोल जायचं म्हणा. पाच टप्पे, चार पायऱ्या, प्रत्येक बाजूला २४ मीटर गेले. ४९ मधून ४८ वजा केले तर तळाला उरला १ मीटर.

म्हणजे एका एकरात ३० मीटर खोल खण पायऱ्या ठेवून होऊच शकत नाही. तरीही एवढ्या जागेत तेवढी खोल खण दिसली तर तिच्या पायऱ्या कुणीतरी कापून विकल्या आहेत, किंवा हद्दीचा पट्टा खाल्ला आहे. आत पाऊल टाकण्याआधी, मोजपट्टी न काढता, नुसत्या नजरेने हा हिशोब करता येतो. लहान लीजवर खोलीची मर्यादा आधीच ठरवून घेणं, किंवा शेजारच्या लीजधारकांनी मिळून मधली भिंत वरून खाली एकत्र काढणं, हे दोनच सरळ मार्ग आहेत. पायरीत अडकलेला दगड 'वाया गेला' असं मालकाला वाटतं. पण तीच पायरी वरून निसटलेला दगड झेलते, आणि सैल दगड पाडायला माणसाला उभं राहायला जागा देते.

रोज सकाळी काय बघायचं

काम सुरू होण्याआधी, स्फोटानंतर आणि पाऊस पडून गेल्यावर, अशा तिन्ही वेळा कडा बघायचा. आधी माथ्यावर जायचं, मग पायथ्याशी. उलट करायचं नाही, कारण धोक्याची खूण माथ्यावर आधी दिसते.

माथ्यावर बघायची ती काठाला समांतर जाणारी भेग. गवतात ती लपते, म्हणून काठावरचं गवत काढून ठेवावं. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी खुंटी ठोकायची, दोन्ही खुंट्यांच्या डोक्यावर खिळा मारायचा आणि खिळ्यांमधलं अंतर टेपने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत तारीख-वेळेसह लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. आज ४१२, उद्या ४१३, परवा ४१७ असं अंतर वाढत चाललं तर कडा चालायला लागला आहे. वाढीचा वेग वाढणं ही सगळ्यांत वाईट खूण. त्या दिवशी खाली कुणी उतरायचं नाही, गाडीही नाही. दहा रुपयांच्या सामानाचं हे काम आहे आणि त्याने कड्याचं मन कळतं. भेगेत पाणी शिरू नये म्हणून माथ्यावर, काठापासून मागे, चर काढून पाणी बाजूला वळवायचं.

पायथ्याशी आणि पायरीवर दगड वाजवून बघायचा. लांब पहारीने ठोकलं की पक्का दगड ठण्ण वाजतो. मागून सुटलेला दगड बद्द वाजतो, आणि पहारीवर दुसरा हात हलकाच टेकवला तर थरथर वेगळी लागते. सुटलेला दगड पाडायचा तो नेहमी वरून खाली, एका बाजूने सुरुवात करून. पाडणाऱ्याने दगडाच्या वर किंवा बाजूला उभं राहायचं, खाली कधीच नाही, आणि मागे पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची. दोरीवर लटकून काम असेल तर दोरी काठापासून बऱ्याच मागे, न हलणाऱ्या गोष्टीला बांधायची. उभ्या टिप्परला दोरी बांधणं म्हणजे कुणी गाडी सुरू केली तर माणूस गेला. काठावर दोरी जिथे घासते तिथे जाड रबर किंवा दुमडलेलं पोतं ठेवायचं.

बारीक खडे आपोआप घरंगळू लागणं, भेगेतून अचानक गढूळ पाणी येणं, दगडातून कडकड आवाज येणं, या तिन्हींपैकी काहीही झालं तर बघत थांबायचं नाही. इथे आपल्या भागातली एक खास अडचण सांगायला हवी. एका खणीत मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा आणि उत्तरेकडून आलेला हिंदी बोलणारा ऑपरेटर एकत्र काम करतात. 'पळ', 'ओडु', 'भागो' या तिन्हींचा अर्थ एक, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात परक्या भाषेतला शब्द मेंदूपर्यंत पोचायला तो एक सेकंद जास्तच लागतो. म्हणून शब्दांवर विसंबू नये. प्रत्येक पायरीवर एका माणसाकडे शिट्टी द्यावी, लांब शिट्टी म्हणजे सगळं टाकून निघायचं एवढं एकच ठरवावं, आणि नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी ते करून दाखवावं.

सुरुंग

सुरुंगात दोन गोष्टींनी माणसं मरतात: उडालेला दगड आणि न उडालेला बार, म्हणजे भोकात भरलेली सुरुंगाची दारू.

दगड लांब का उडतो? स्फोटाची ताकद सोपी वाट शोधते. भोकापासून कड्याच्या मोकळ्या तोंडापर्यंत जो दगड असतो त्याला बर्डन म्हणतात. जॅकहॅमरच्या ३२-३४ मिलिमीटरच्या भोकाला ते साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर लागतं. तोंड वाकडंतिकडं असेल आणि एखाद्या ठिकाणी बर्डन ३०-४० सेंटिमीटरच असेल तर तेवढा भाग तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. दुसरी वाट वरची. भोकाचं वरचं तोंड ठासून बंद करायचं असतं, आणि ती ठासणी बर्डनच्या जवळपास लांबीची हवी. घाईत वीतभर कोरडी डस्ट ओतली तर ती पिचकारीसारखी बाहेर येते आणि तोंडाजवळचे दगड सोबत नेते. ओलसर चिकणमाती-वाळू किंवा बारीक कच भोकात अडकून बसते, म्हणून ती भरायची. ठासायला लाकडी काठीच; लोखंडी सळई कधीच नाही. तिसरं कारण दिसत नाही: भोक पाडताना मधेच ड्रिल झपकन खाली गेलं म्हणजे आत पोकळी किंवा मातीची भेग आहे. ड्रिल मारणाऱ्याने ते ब्लास्टरला सांगितलंच पाहिजे, कारण तिथे दारू जास्त साचते आणि स्फोट त्या भेगेतून बाहेर पडतो. मोठा धोंडा फोडायला त्याच्या अंगाला स्फोटकाची कांडी चिकटवून वर चिखल थापायची पद्धत सगळ्यांत वाईट. त्यात तुकडे कुठेही जातात. धोंडा ब्रेकरने फोडावा.

नियमांनी धोक्याचं क्षेत्र ३०० मीटरचं धरलं आहे आणि मोठ्या स्फोटांना ५०० मीटर धरणं शहाणपणाचं. आता ५०० मीटरचं वर्तुळ आपल्या शिवारात काढून बघा. त्यात रस्ता येतो, एखादी वस्ती येते आणि ऊस येतो. दिवाळीनंतर उसात तोडीची टोळी असते. उभ्या उसात माणसं बाहेरून दिसत नाहीत, आणि टोळी बाहेरगावची असल्यामुळे खणीच्या सायरनचा अर्थ तिला ठाऊक नसतो. नुसता सायरन वाजवून भागत नाही. लाल झेंडा घेतलेला माणूस प्रत्येक वाटेवर हवा, उसाच्या फडापर्यंत चालत जाऊन टोळीच्या मुकादमाला सांगायला हवं, आणि 'सगळं झालं'चा सायरन होईपर्यंत झेंडेवाल्याने जागा सोडायची नाही. स्फोटाची वेळ रोज एकच ठेवली तर शेतकऱ्यांनाही सवय होते.

एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ दुपारी तासाभरात भरून येतं. बार भरायला सुरुवात झाल्यावर गडगडाट ऐकू आला तर भरणं थांबवून सगळ्यांनी धोक्याच्या क्षेत्राबाहेर जायचं आणि आभाळ निवळेपर्यंत तिथेच थांबायचं. वीज पडली तर भरलेली भोकं कुणाची वाट बघत नाहीत. त्या दिवसांत बार सकाळी भरून दुपारच्या आत उडवावेत.

न उडालेला बार ओळखायचा तर मोजणी हवी. किती भोकं भरली आणि किती आवाज आले. एकाबद्दलही शंका असेल तर तो बार उडाला नाही असंच धरायचं. वातीचा बार असेल तर किमान ३० मिनिटं, विजेचा असेल तर वायर काढून किमान ५ मिनिटं कुणी जवळ जायचं नाही, आणि मग फक्त परवानाधारक ब्लास्टर जाईल. न उडालेल्या बाराची ठासणी उकरायची नाही, त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. त्याच्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब, त्याला अगदी समांतर, नवं भोक पाडून ते उडवतात. नंतर निघालेल्या दगडात शिल्लक दारू आणि टोपी (डिटोनेटर) हाताने शोधावी लागते. हे न करता पोकलेनचा दात किंवा पुढच्या पाळीतलं ड्रिल त्यावर पडलं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून पाळी बदलताना ब्लास्टरने पुढच्या ब्लास्टरला जागेवर नेऊन दाखवायचं. आधीच्या बाराचे खाली उरलेले बुडखे दिसले तर त्यातही ड्रिल घालायचं नाही.

साठ्याबद्दल एकच गोष्ट, आणि ती कर्नाटकाने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. २१ जानेवारी २०२१ ला शिवमोग्याजवळ हुणसोडु इथे क्रशरच्या जागी ट्रकमधल्या स्फोटकांचा स्फोट झाला. महिन्याभराने, फेब्रुवारीत, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात हिरेनागवल्लीजवळ जिलेटिनच्या स्फोटात सहा जण गेले. टोपी आणि कांडी एका गाडीत, एका पेटीत, एका खोलीत कधीच नाही. परवान्याच्या मॅगझिनबाहेर (स्फोटकांच्या कोठाराबाहेर) रात्रभर काहीच ठेवायचं नाही. उरलेला माल झुडपात लपवायचा, पुरायचा किंवा स्वतः नष्ट करायचा प्रयत्न करायचा नाही. खणीच्या परिसरात बेवारस कांडी किंवा टोपी सापडली तर हात न लावता जागा अडवायची आणि ११२ ला कळवायचं.

गाडी आणि पट्टा

उघड्या खाणींत टिप्पर-डंपर हे मृत्यूचं मोठं कारण आहे, आणि त्यातले बरेचसे अपघात रिव्हर्समध्ये होतात. भरलेला दहाचाकी टिप्पर २८ टनांच्या आसपास जातो. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून गाडीची डावी बाजू, पाठ आणि बोनेटच्या अगदी पुढची जागा त्याला दिसत नाही. मागे घेताना दाखवणाऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात आपला चेहरा दिसेल असं उभं राहायचं. आरशात चेहरा दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, कारण विचारायचं नाही.

खणीच्या रस्त्याच्या उघड्या काठाला मातीचा बांध हवा, सर्वांत मोठ्या गाडीच्या निम्म्या चाकापेक्षा उंच. चाकाएवढा असेल तर उत्तम. चढ १६ ला १ च्या आत ठेवायचा. माल काठावरून थेट खाली ओतायचा नाही, काठाच्या अलीकडे ओतून मशीनने पुढे ढकलायचा, कारण ओतलेल्या ढिगाचा काठ वरून पक्का दिसतो आणि आतून पोकळ असतो. वर उचललेल्या बॉडीखाली काम करायचं तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकंसुद्धा घालायचं नाही. जॅकचा पाइप फुटला तर बॉडी क्षणात बसते. आणि बॉडी वर असताना वरच्या ११ हजार व्होल्टच्या तारेला लागली तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसायचं. गाडी पेटली तरच उतरायचं, तेही गाडीला हात न लावता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय जोडूनच उड्या मारत लांब जायचं. एक पाय जमिनीवर आणि हात दाराला, असं झालं की माणूस संपला.

क्रशरवर बहुतेक अपघात साफसफाईत होतात. कन्व्हेयरचा पट्टा सेकंदाला दीड मीटर धावत असेल आणि हात अडकल्याचं कळून मागे खेचायला अर्धा सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात पट्ट्याने पाऊण मीटर आत ओढलेलं असतं. म्हणजे खांद्यापर्यंत. गळ्यातला टॉवेल, साडीचा पदर, सैल बाही ही सगळी पुलीला दिलेली दोरी आहे. क्रशरवर बायका मोठ्या संख्येने काम करतात. त्यांना वरून घालायला अंगाबरोबरचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधायचा रुमाल मालकाने द्यायचा असतो. पट्ट्याच्या शेपटाकडच्या पुलीला जाळी हवी, आणि ती जाळी न काढता बाहेरून ग्रीस भरता यावं अशी नळी हवी. जाळी काढून ठेवली जाते ती नेहमी ग्रीस भरण्यासाठीच.

जॉ क्रशरमध्ये दगड अडकला तर चालू मशीनमध्ये पहार घालायची नाही, बंद केल्या केल्याही नाही. फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली जो आत हात घालणार त्याच्याच खिशात. फ्लायव्हील थांबेपर्यंत वाट बघायची. तिघे काम करत असतील तर तीन कुलपं. दुसरा माणूस स्विचजवळ 'लक्ष ठेवून' उभा आहे म्हणजे कुलूप लावलं असं होत नाही.

धूळ

काळ्या दगडात गारेचा अंश नगण्य, गोकाककडच्या दगडात तो फार मोठा. नियमाप्रमाणे फुप्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीची मर्यादा हवेच्या घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. गारेचा अंश ५ टक्क्यांच्या वर असेल तर १५ ला त्या टक्केवारीने भागायचं. ३० टक्के असेल तर मर्यादा उरते अर्धा मिलिग्रॅम. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. तोंडाला बांधलेल्या टॉवेलमधून बारीक धूळ सहज जाते. ड्रिलला पाणी, क्रशरच्या तोंडावर आणि पट्ट्याच्या टोकावर फवारा, आणि वर एन-९५ मास्क, या क्रमाने.

यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग दहा-वीस वर्षांनी बाहेर येतो आणि बरा होत नाही. टीबीसारखा दिसतो, टीबीची शक्यताही वाढवतो, आणि मग माणूस टीबीच्या गोळ्यांचे कोर्स करत राहतो. डॉक्टरला 'मी खणीत इतकी वर्षं होतो' हे सांगणं फार महत्त्वाचं. खाणीत कामाला लागताना आणि नंतर दर पाच वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह तपासणी मालकाच्या खर्चाने व्हायची असते.

कायदा आणि भरपाई

बऱ्याच जणांना वाटतं की लहान खणीला हे नियम लागत नाहीत. १९५२ च्या खाण कायद्याने (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) बांधकामाचा दगड, मुरूम, जांभा अशा उघड्या खणींना सूट दिली ती तीन अटी एकत्र पाळल्या तरच: सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंत खोली कुठेही ६ मीटरच्या वर नाही, एका दिवसात ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत, स्फोटकं वापरलेली नाहीत. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आणून एकच बार उडवला तरी सूट गेली. अठरा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायची बंदी तर सूट असलेल्या खणीलाही आहे. राज्याच्या खाण व भूविज्ञान खात्याचं लीज म्हणजे सुरक्षेची परवानगी नव्हे. सुरक्षा बघतं ते केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबादला.

अपघात झालाच तर आधी कडा पुन्हा येतोय का ते बघायचं. मदतीला धावलेली माणसं दुसऱ्या दरडीत सापडतात. १०८ ला सांगायला खणीच्या फाटकावर फळी असावी: गाव, सर्व्हे नंबर, मुख्य रस्त्यावरून कुठल्या खुणेला वळायचं, कन्नड आणि मराठीत. नुसतं 'क्रशरजवळ' सांगितलं तर गाडी चुकीच्या क्रशरवर जाते.

भरपाईचं गणित १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कोष्टकातून आलं आहे; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, गुणिले वयाचा आकडा. पगार कमाल १५,००० धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडून मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत. शवविच्छेदन, पोलिसांतली नोंद, हजेरीच्या पानाचा फोटो, पगाराचे फोनवरचे मेसेज हे सगळं पहिल्याच आठवड्यात जपून ठेवावं. खणीच्या ऑफिसात दोन-तीन लाख हातावर ठेवून स्टॅम्पपेपरवर 'आता काही मागणं नाही' असं लिहून घेतात. त्या कागदाने हक्क जात नाही, कायद्यापुढे तो कागदच रद्द आहे. मृत्यूची भरपाई मालकाने भरपाई बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे भरायची असते. मधल्या मध्ये घरच्यांना दिलेल्या पैशांपैकी तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कमच फक्त तिच्यातून वजा होते.